हिवाळ्याआधीची घरची सर्व्हिसिंग: मॉडेल वाय, मीठ आणि मागचे कॅलिपर

गाडी माझी, २०२१ ची टेस्ला मॉडेल वाय लाँग रेंज, १९ इंची जेमिनी चाकं, मुक्काम शिकागोच्या पश्चिमेचं सबर्ब. गराज दोन गाड्यांचं आहे पण अर्ध्यात सायकली, बर्फ ओढायचं मशीन आणि दिवाळीच्या कंदिलांचे खोके, त्यामुळे काम करायला जागा म्हणाल तर एक चटई टाकता येईल एवढीच. बर्फ पडायच्या आत गाडी एकदा सगळी उघडून बघायची ठरवलं होतं, ते काम सुरू झालंय. एका वीकेंडात आटपणार नव्हतंच, म्हणून जसं जसं झालं तसं लिहितेय.

आधी यादी. "ईव्हीला काही करावंच लागत नाही" असं जो तो सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, ऑइल चेंज नाही, स्पार्क प्लग नाही, बेल्ट नाही, बॅटरीचं कूलंट तर कंपनी म्हणते साधारणपणे गाडीच्या आयुष्यभर बदलायची गरजच नाही, आणि त्या टाकीचं झाकण उघडायचं नाही असं स्पष्ट बजावलंय. उरतं काय? केबिन फिल्टर दर दोन वर्षांनी, टायर रोटेशन दर १०,००० किलोमीटरला किंवा पुढच्या-मागच्या ट्रेडमध्ये (टायरच्या खोबणीच्या खोलीत) २/३२ इंचाचा फरक पडला की, ब्रेक फ्लुइडची तपासणी दर चार वर्षांनी. आणि शेवटी एक ओळ जी कॅलिफोर्नियावाले वाचतही नाहीत: जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे ब्रेक कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) दरवर्षी किंवा २०,००० किलोमीटरला साफ करून ग्रीस करा. माझ्या मते आपल्या भागात खरी सर्व्हिसिंग म्हणजे ही एकच ओळ, बाकी सगळं पोराटोरांचं काम आहे.

केबिन फिल्टर

सोपं काम आधी उरकलं. एसी लावला की पहिला मिनिटभर ओल्या मोज्यांचा वास यायचा, ज्यांच्याकडे मॉडेल वाय किंवा मॉडेल थ्री आहे त्यांना वेगळं सांगायला नको. क्लायमेट बंद केलं, पॅसेंजर सीट पूर्ण मागे, मॅट बाहेर. ग्लव्ह बॉक्सच्या खालचं कव्हर क्लिपांवर आहे, ते खाली ओढायचं, त्याला लागलेले वायरचे कनेक्टर काढायचे, मग मधल्या कन्सोलची उजवी पट्टी क्लिपांतून सोडवायची. आत फिल्टरचं छोटं दार, एकच स्क्रू, टी२० टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचा. स्क्रूड्रायव्हर आखूडच घ्या, लांबडा तिथे फिरतच नाही, मान वाकडी करून पायांच्या जागेत झोपावं लागतं ते वेगळंच.

फिल्टर दोन असतात, एकावर एक. वरचा आधी ओढायचा, मग खालचा वर सरकवून बाहेर. खालचा बाहेर आला तेव्हा त्याच्या घड्यांमध्ये मेपलच्या बियांचे ते पंखासारखे पापुद्रे, कुणाचे तरी केस, आणि काळी बारीक धूळ अशी बसलेली की फिल्टर जमिनीवर टेकवला तर खाली चौकोनी ठसा उमटला. लेकीला टॉर्च धरायला बसवलं होतं, ती "ई आई, हे आपण नाकात घेत होतो?" म्हणून जी पळाली ती परत आलीच नाही, पुढचं सगळं टॉर्च तोंडात धरून.

फिल्टर बाहेर असतानाच इव्हॅपोरेटरवर (एसीच्या थंड होणाऱ्या कॉइलवर) क्लीनर फोम मारून घेतला. नळी आत घालायची, पंख्याकडे न जाता कॉइलकडे जाईल असं बघायचं, एकदम सगळा डबा रिकामा नाही करायचा, थोडा थोडा. मग अर्धा तास सोडून द्यायचं, गाडीखाली पाणी ठिबकायला लागतं. नुसता फिल्टर बदलला तर वास काही दिवसांत परत येतो कारण वासाचं मूळ कॉइलवरच्या ओलाव्यात आहे. नवे फिल्टर बसवताना बाण गाडीच्या मागच्या दिशेला. झालं.

ठाण्याहून दादाचा फोन आलेला, टेस्लाचं शोरूम बीकेसीत जुलै २०२५ मध्ये उघडलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात वाय घोळतेय. त्याला म्हटलं, अरे दादा, तुझ्याकडे मीठ नाही पडत रस्त्यावर, पण घोडबंदर रोडची धूळ बघता तू दोन वर्षं थांबू नकोस, हा फिल्टर वर्षाला बदल. तो म्हणे हे मी स्वतः नाही करणार. बरं.

वायपर, पाणी, पाला

दहा मिनिटांचं काम. स्क्रीनवर सर्व्हिसमध्ये वायपर सर्व्हिस मोड आहे, तो लावला की वायपर मधे येऊन उभे राहतात नाहीतर बॉनेटच्या कडेखाली दबलेले असतात आणि नीट उचलताच येत नाहीत. ड्रायव्हरकडचा २६ इंच, दुसरा १९. काचेच्या पाण्यात निळं उन्हाळी लिक्विड होतं ते संपवून हिवाळी भरलं, नाहीतर जानेवारीत नोझल गोठतं. फ्रंकच्या (बॉनेटखालच्या डिकीच्या) मागचं प्लॅस्टिक कव्हर काढून आत साचलेला पाला हाताने काढला. ओकचं झाड दारात असेल तर हे दर शरदात कराच, हवा तिथूनच आत ओढली जाते. तिथे केशरी रंगाच्या केबल दिसतील, त्या हाय व्होल्टेजच्या, त्यांच्याकडे बघायचं पण हात लावायचा नाही.

चाकं

आता जरा अंगमेहनत. गाडीचं वजन साधारण २ टन आणि पोटात सगळी बॅटरी, त्यामुळे जॅक कुठेही लावून चालत नाही. खाली चार ठरलेल्या जागा आहेत, प्रत्येकीला गोल भोक, त्यात रबरी पक (जाड गोल ठोकळा) बसवायचा आणि मगच जॅक. पक नसेल तर काम करू नका, जॅक जरा सरकला तर थेट बॅटरीच्या खोक्यावर भार येतो. कुठल्याही टायरच्या दुकानात गाडी नेली तरी हे चार पक मी सोबत नेते आणि पोरगा ते लावतोय ना हे उभं राहून बघते, लोक हसतात, हसू देत.

बॉडी इतकी कडक आहे की मागच्या जागेवर जॅक लावला तरी त्या बाजूचं पुढचं चाकही उचललं जातं. रोटेशनला हे फार सोयीचं, एका बाजूची दोन्ही चाकं एकदम बदलता येतात. अडचण गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडची, जॅकच्या जागेवर जॅकच बसलाय तर स्टँड कुठे लावणार? मी तो पक वापरते ज्याला दोन्ही बाजूंना खोबणी असते, जॅक मधे आणि स्टँडचे पाय खोबणीत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही.

नट २१ मिलिमीटरचे. सैल करायला ब्रेकर बार (लांब दांड्याचा पाना), घट्ट करायला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), १७५ न्यूटन मीटर, समोरासमोरचे आलटून पालटून. इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत आवळू नका, पुढच्या वेळी रस्त्यात पंक्चर झालं की तुमचाच घाम निघेल. थोडं चालवून परत एकदा रेंच फिरवायचा.

ट्रेड मोजायला गेज आहे पण इथली जुनी युक्ती पण बरी, पेनी (एक सेंटचं नाणं) उलटी धरून खोबणीत घालायची, लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं तर २/३२ इंचाच्या खाली, टायर गेला. माझ्या टायरचा मध्य उत्तम होता, पण मागच्या चाकांची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्लेली. उभ्या गाडीत ही कड दिसतच नाही, चाक काढूनच कळते, म्हणून रोटेशन घरी करण्याचा हा खरा फायदा. अलाइनमेंट करून घ्यावी लागणार, ते घरी होण्यातलं नाही. हवा थंड टायरला ४२ पीएसआय, आणि थंडी वाढेल तशी दर १० डिग्री फॅरेनहाइटला साधारण १ पीएसआय उतरते, त्यामुळे पहिल्या कडाक्याच्या सकाळी पिवळा दिवा लागला तर घाबरू नका, हवा भरा.

मागचे कॅलिपर

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

आपण ब्रेक वापरतच नाही. पाय उचलला की मोटर उलटी चालते, गाडी थांबते, वीज परत बॅटरीत, यालाच रीजेन म्हणतात. पॅड वर्षानुवर्षं टिकतात म्हणून सगळे खूश. पण साध्या गाडीत रोज ब्रेक लागतो तेव्हा डिस्कवरचा गंज घासला जातो, पॅड गरम होतात, ओलावा उडतो, सरकणारे भाग सरकत राहतात. इथे तसं काहीच होत नाही, आणि वरून नोव्हेंबर ते मार्च खारं पाणी. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी ट्रक येऊन रस्त्यावर त्या पांढऱ्या रेघा मारून जातात ना, ते सगळं चाकातून उडून कॅलिपरवर बसतं आणि बसूनच राहतं. न वापरल्याने खराब होणारा भाग आहे हा, माळ्यावर ठेवलेल्या पितळी भांड्यासारखा.

पुढचे कॅलिपर फिक्स्ड आहेत, चार पिस्टनवाले, त्यात सरकणाऱ्या पिना नाहीत, पॅडच्या कडा आणि त्या जिथे टेकतात ती जागा तारेच्या ब्रशने साफ केली की झालं. खरं दुखणं मागे. मागचा एका पिस्टनचा, पिनांवर सरकणारा, आणि त्याच्यावरच पार्किंग ब्रेकची मोटर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या गाडीत पार्क म्हणजेच मागचा पार्किंग ब्रेक, गिअरमध्ये अडकणारा वेगळा खटका नाही. कॅलिपर काढायला तो ब्रेक सोडावा लागतो, म्हणजे सोडला की गाडीला धरून ठेवणारं काहीच नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून ओंडके लावल्याशिवाय सर्व्हिस मोडला हात लावू नका. गराजचा उतार डोळ्याला दिसत नाही पण असतो. सर्व्हिस मोड सगळ्यांना खुला आहे, सॉफ्टवेअरच्या पानावर मॉडेलचं नाव दाबून धरायचं आणि सर्व्हिस हा शब्द टाइप करायचा, स्क्रीनला लाल कड येते. पूर्ण सर्व्हिस मॅन्युअलही कंपनीने ऑनलाइन फुकट ठेवलंय, प्रत्येक बोल्टचा टॉर्क त्यात आहे, टॅबलेटवर उघडून शेजारी ठेवलं.

बोल्ट काढले, कॅलिपर उचलला आणि स्प्रिंगला तारेने टांगला, होजवर लोंबकळत सोडायचा नाही. डाव्या बाजूच्या दोन्ही पिना बोटाने सरकल्या. उजवीकडची वरची पण छान. खालची हलेना. पक्कडीत फडकं धरून पिळत पिळत बाहेर काढली तर अर्धी पिन चकचकीत आणि अर्धी तपकिरी, मधे अगदी सरळ रेघ, आणि त्या रेघेपाशी जुनं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं. पिनेवरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, एका बाजूला जरासा वर आला होता, पाणी तिथून आत. त्याच चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्ट पातळ होता, म्हणजे कॅलिपर सरकत नव्हता आणि एकच पॅड काम करत होता. चालवताना याचा काहीही पत्ता लागत नाही बरं का, ना आवाज ना ओढ.

ब्रेक क्लीनरने पिना आणि भोकं साफ, बारीक नायलॉन पॅडने तपकिरी थर उतरवला, पिनेला खड्डे नव्हते म्हणून तीच ठेवली, बूट मात्र नवा. ग्रीस सिलिकॉनचंच घ्या, साधं पेट्रोलियमचं लावलं तर रबर फुगतं आणि पिन आणखी अडकते. पातळ थर पुरे, भोकात ठासून भरलं तर हवा कोंडून पिन परत बाहेर ढकलली जाते. पॅडच्या कानांची जागा घासून तिथे सिरॅमिक ग्रीसचा जेमतेम हात, पॅडच्या आणि डिस्कच्या तोंडाला चुकूनही नाही. उलट्या क्रमाने सगळं जोडलं, सर्व्हिस मोडमधून ब्रेक परत लावला, पेडल दोन-चार वेळा दाबून कडक झाल्याची खात्री केली, मगच ओंडके काढले.

आता महिन्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, न्यूट्रलमध्ये टाकून पेडलने गाडी हळू करतेय. न्यूट्रलमध्ये रीजेन नसतं, सगळं काम पॅडला करावं लागतं. पहिल्या वेळी डिस्कवरचा गंज खरखरत गेला, दोन-तीन ब्रेकनंतर आवाज बंद. कडाक्याच्या थंडीत किंवा बॅटरी १०० टक्के असताना रीजेन आपोआपच कमी होतं, तेव्हा पॅड थोडे वापरले जातात, पण तेवढ्यावर भागत नाही हे त्या पिनेने दाखवलं.

राहिलेलं

ब्रेक फ्लुइड पेन टेस्टरने बघितलं, ओलावा कमी आहे, पुढच्या वर्षी बदलीन. डॉट ३ दर्जाचं लागतं.

लो व्होल्टेज बॅटरी, म्हणजे मोठ्या बॅटरीशिवायची छोटी, ही पुढची नोंद. माझ्याकडे जुनी १२ व्होल्टची लेड अॅसिड आहे, त्यानंतरच्या गाड्यांना लिथियम आयन आली. मूळचीच आहे अजून आणि थंडीत अशीच बॅटरी दगा देते, त्यामुळे अलर्टची वाट न बघता बदलणार. स्क्रीनवरून पॉवर ऑफ, काचा खाली, फ्रंक उघडा ठेवायचा, आधी निगेटिव्ह. आणि कधी मेलेल्या बॅटरीने फ्रंक बंद राहिलाच तर पुढच्या बंपरवरचं टो हुकचं गोल झाकण काढा, आत एक लाल आणि एक काळी वायर आहे, त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की फ्रंक उघडतो. नवऱ्याला हे करून दाखवलंय, कारण ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी मी नेमकी गावात नसणार.