डांबरात रुतलेली कुत्री

आम्ही अडकलेली जनावरं सोडवतो. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतून सकाळी फोन आला. "डांबरात कुत्री अडकल्या. जित्ती हाय, पण हलंना." अशा वेळी आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अंगावर काही ओतलंय का? ओतलं होतं. एका टेम्पोवाल्याने मानेवर आणि पाठीवर बाटलीभर डिझेल रिकामं केलं होतं. आता काही ओतू नका, ओढू तर अजिबात नका, नाकपुड्या मोकळ्या आहेत का तेवढं बघा, असं सांगून निघालो.

रस्त्याच्या कामासाठी आणलेली डांबराची बॅरलं कडेला आडवी टाकलेली होती. एकाची शिवण उसवून चर डांबराने भरला होता. डांबर साधारण 50 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि काळ्या थरावर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तेवढं तापमान सहज चढतं. दुपारी जनावर त्यात पाय टाकतं, सुटायला धडपडतं, आडवं होतं. रात्री गारवा पडला की सगळं आवळून घट्ट. म्हणून असे फोन नेहमी सकाळीच येतात.

ही चौदा-पंधरा किलोची तांबडी कुत्री उजव्या कुशीवर चिकटलेली होती. चारही पाय एकमेकांना जोडले गेलेले, कान गालाला. पाय धरून उपसलं तर कातडी डांबरात राहते आणि सांधा निखळतो. म्हणून कडेने शेंगतेल सोडत गेलो, ते आत मुरलं की गवंड्याची लाकडी थापी खालून सरकवायची, परत तेल. शेवटी खालच्या डांबराच्या थरासकट तिला फळीवर घेतलं. फळीवर तेल लावलेला खताच्या पिशवीचा प्लॅस्टिक कागद होता. गोणपाट किंवा वर्तमानपत्र कधीच घालू नये, त्याचे धागे आणि चिटोरे अंगाला चिकटतात, मग तेही सोडवत बसावं लागतं. तोंड बांधलं नाही. तिला धाप लागली होती आणि नाकाजवळ डांबर होतं. जाड टॉवेलने डोकं धरलं. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी, आणि दात लागलाच तर पंधरा मिनिटं साबणपाण्याने जखम धुऊन थेट दवाखाना गाठावा.

डॉक्टरांनी आधी ताप बघितला. कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, हिचं 98 च्या खाली होतं. म्हणून भुलीचं इंजेक्शन दिलं नाही. भुलीने अंग आणखी गार पडतं. कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या, सलाईन, आणि मग साफसफाई.

साफसफाईला खायचं तेल लागतं. शेंगतेल, सूर्यफूल, काहीही. खोबरेल थंडीत गोठतं, म्हणून ते टाळतो. सुरुवात नाक, ओठ आणि डोळ्यांच्या कडांपासून, कापसाच्या बोळ्याने. मग एकेक भाग तेलात भिजवून वीसेक मिनिटं सोडायचा, बोटांनी चोळायचा, डांबर काळ्या रबडीसारखं ढिलं झालं की जुन्या सुती धोतराच्या फडक्याने पुसायचं. घाई केली की केस मुळासकट येतात. कात्री शेवटी. डांबराने कातडी वर ओढली गेलेली असते, केस समजून तीच कापली जाते. सगळ्यात वेळ खातात पंजे, बोटांमधल्या बेचक्यांत बसलेली खडी काडीने उकरून काढावी लागते. उरलेलं तेल गव्हाच्या पिठाने टिपायचं, मग कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण, तीनदा-चारदा. एवढ्या अंगाच्या कुत्र्याला पाचेक लिटर तेल सहज जातं. हे सगळं एका बैठकीत होत नाही, जनावर थकतं. पहिल्या दिवशी तोंड, छाती आणि पाय मोकळे झाले की थांबायचं आणि ई-कॉलर, म्हणजे गळ्याभोवतीचा प्लॅस्टिकचा शंकू, घालायची, चाटू नये म्हणून.

डांबर निघालं. डिझेलने मात्र तिला खरं छळलं. डिझेल, रॉकेल, थिनर यांनी डांबर विरघळतं, पण कातडी भाजते, आणि चाटून ओकारी आली तर ते फुप्फुसात उतरतं. मानेवर फोड आले, खोकला लागला, अँटिबायोटिक्स लांबली. टेम्पोवाल्याने ते दयेपोटीच केलं होतं, त्याच्यावर राग नाही. राग आहे तो बॅरल आडवं टाकून निघून गेलेल्या ठेकेदारावर. बॅरलं उभी ठेवणं आणि सांडलेल्यावर चार पाट्या वाळू टाकणं, इतकंच काम होतं.

तिच्या कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी केलेलं कुत्रं उचललं त्याच भागात परत सोडायचं असतं, आणि त्यात तथ्य आहे : परक्या गल्लीतली कुत्री नवख्याला फाडतात, नाहीतर ते जुनी जागा शोधत हायवेवर येतं. तिथले वॉचमनमामा तिला रोज भाकरी घालतात, तेही म्हणाले, "आमच्याकडंच सोडा." सोडायच्या आदल्या दिवशी जाऊन बघितलं तर चर तसाच उघडा होता. आमच्यातल्या निम्म्यांचं म्हणणं होतं की बॅरलं हलेपर्यंत सोडू नये, पण पिंजऱ्यात ठेवलेली मोठी कुत्री खाणं टाकतात आणि आजारी जनावरांमध्ये राहून डिस्टेंपर-पार्व्हो या संसर्गजन्य रोगांचा धोका वाढतो. शेवटी वाळू आम्हीच टाकली, ठेकेदाराला लेखी अर्ज दिला, आणि तिला मामांच्या केबिनपाशी सोडलं. बॅरलं अजून आडवीच आहेत, ऊन वाढतंय, आणि तिला सोडलं ते बरोबर केलं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही.