कुंद्याचा रंग

शूटिंगसाठी चार किलो कुंदा हवा असा बेळगावातल्या आमच्या मिठाईच्या दुकानात फोन आला, तेव्हा मी विचारलं, "खायला की दाखवायला?" पलीकडचा पोरगा गोंधळला. "दादा, दोन्हीला."

सिनेमा विनोदी. दोन मित्र खटारा गाडीतून पुण्याहून गोव्याला निघतात, वाटेत खात आणि भांडत. कोल्हापूरला तांबडा-पांढरा, बेळगावात कुंदा, मग गोकाकचा करदंट, मग चोर्ला घाट. आता गोकाक बेळगावहून उलट्या अंगाला, गोव्याच्या वाटेवर नव्हेच. मी सांगून बघितलं. साहाय्यक दिग्दर्शक म्हणाला, "प्रेक्षकांना काय कळतंय." पुण्या-मुंबईच्या नसेल कळत. आमच्याकडचं शेंबडं पोर हसेल.

सुतगट्टी घाटाजवळ एक बंद पडलेला ढाबा त्यांनी रंगवून घेतला होता. दुकान आमचं आजोबांपासूनचं, पण मी गल्ल्यावरचा माणूस; कढई सांभाळतात आमचे कारागीर काका. ते गोकाककडचे. घरी कन्नड, आमच्याशी दोन्ही भाषांची मिसळ. त्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती म्हणून त्यांना दुकानात ठेवून मी एकटाच गेलो.

बाहेरच्यांना वाटतं, कुंदा म्हणजे खवा आणि साखर. तसाही होतो, विकलाही जातो, त्याबद्दल मी बोलत नाही. आमच्याकडे म्हशीचं दूध निम्म्यावर आटलं की आंबट दह्याचे दोन डाव पडतात. तिथून दूध दाणा धरायला लागतं आणि उलथणं थांबवायचं नाही. हात बदलायचा, उलथणं नाही. साखर शेजारच्या कढईत कोरडीच जाळायची. कुंद्याचा तांबूस रंग बराचसा तिचा. मधाच्या रंगावर आली की लगेच उतरवायची. त्यापुढे बघता बघता ती काळवंडते, आणि मग कडू. काका रंग बघतच नाहीत, वासावर उतरवतात.

तर सीन असा, की जाडा मित्र पहिला घास घेतो आणि म्हणतो, बेळगावात येऊन कुंदा न खाणारा माणूस नव्हे. आता बेळगाव म्हणायचं की बेळगावी? 2014 पासून सरकारदरबारी बेळगावी, आमच्या तोंडात बेळगाव, आणि निर्मात्याला दोन्हीकडची तिकिटं हवीत. अर्धा तास छत्रीखाली खल झाला. शेवटी ठरलं, की नट तोंडात कुंदा कोंबूनच तो शब्द म्हणेल आणि शेवट गिळून टाकेल. 1956 पासूनचं भांडण एका घासात मिटलं!

पण म्हणून प्रत्येक टेकला मोठा घास. टेक संपला की एक पोरगा प्लास्टिकची बादली पुढे धरायचा आणि नट त्यात थुंकायचा. त्याची चूक नाही, तेवढं गोड गिळलं तर माणूस आडवा होईल. तरी माझ्या पोटात कालवलं. पाचव्या टेकनंतर मी बादलीकडे पाठ करून उभा राहिलो.

नवव्या टेकला कुंदा संपला. बादलीत गेला असेल पाऊण किलो. बाकीचा लाइटवाल्यांनी आणि ड्रायव्हरांनी द्रोण भरभरून संपवला. त्यांचा मला राग नाही. सबंध दिवसात त्यांनीच तेवढा खाल्ला.

शहरातून परत आणायचा तर ऊन उतरणार. दिग्दर्शक ओरडायला लागला. गाडीत तीन किलो खवा होता, ढाब्यात गॅसची मोठी शेगडी. मी बाह्या सरसावल्या. खव्याला दुधाचा हबका मारून, दही घालून दाणा बरा आणला. रंग मात्र फिका. कंटिन्युइटीची मुलगी मोबाइलवर सकाळचा फोटो घेऊन कढईशेजारी उभी: "दादा, अजून डार्क." साखर आणखी जाळली. "अजून थोडा." घाटातला वारा, ज्योत एकीकडे पळणारी. रंग जुळला तेव्हा ती टाळ्या वाजवत गेली. वास मला आला होता. मी बोललो नाही.

नटाने घास कोंबला, शब्द गिळला, आणि त्याचा एक डोळा आपसूक मिटला, गाल वाकडा झाला. सगळं युनिट फुटलं. दिग्दर्शक मॉनिटरवरून उठून आला आणि त्याला मिठी मारली. "हेच पाहिजे होतं!" तेव्हा तरी सांगायला हवं होतं, की साहेब, हा अभिनय नव्हे. पैसे मोजून घेतले आणि निघालो.

सिनेमा बेळगावात लागला तेव्हा घरच्यांना आणि काकांना घेऊन गेलो. कुंद्याचा सीन आला. पडद्याएवढी वाटी, मग तो वाकडा गाल, आणि थिएटरभर हशा. बायकोही हसत होती. काका तेवढे पुढे वाकून बघत होते. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सीदैत्री, मालक्रं." करपलाय, मालक.

मी चूल, वारा, ती मुलगी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. परतताना गाडीत कुणाशी बोलले नाहीत.

आता कॉलेजची पोरं येतात, चमचाभर कुंदा तोंडात घालून तसाच डोळा मिटतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात. विचारतात, "सिनेमातला तो हाच काय?" हाच, म्हणतो मी. आत काकांचं उलथणं कढईवर जरा जोरात आपटतं.