नोव्हेंबरात कुणाशी खेळायचं?

रात्री मॉडेल चालू ठेवून घरी गेलो होतो. सकाळी येऊन बघतो तर अकरा तास दळून नऊ संघांचं वेळापत्रक एकदाचं बसलं होतं. शुक्रवार, ४ ऑगस्ट २०२३. ते वेळापत्रक संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

माझ्या कामाचं वर्णन आमची आई सांगलीत शेजारणींना 'टाइमटेबल लावतो' असं करते, आणि ते बरोबरच आहे. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला स्पोकेनमध्ये आमचं सहा माणसांचं ऑफिस. कॉलेजच्या खेळांचे हंगाम आम्ही गणितानं लावतो. कोणाचा सामना घरी, कोणाचा बाहेर, कुठलं स्टेडियम कधी मोकळं, कोणाच्या परीक्षा कधी, टीव्हीवाल्यांना कुठली तारीख हवी, या शेकडो अटी सॉल्व्हर नावाच्या गणिती प्रोग्रामला द्यायच्या आणि तो काय म्हणतो त्याची वाट बघायची. बहुतेक वेळा तो 'इनफीझिबल' म्हणतो. जमत नाही, एखादी अट सोडा. कुठली सोडायची हे ठरवण्याचा आम्हाला पगार मिळतो.

त्या आठवड्यात एका प्रस्तावासाठी नमुना म्हणून मी पॅक-१२ या कॉन्फरन्सचं २०२४-२५चं बास्केटबॉल लावत होतो. इथल्या कॉलेजांचे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात आणि टीव्हीचे हक्क गट म्हणून विकतात. १९८४ साली सुप्रीम कोर्टानं सात विरुद्ध दोन अशा निकालानं हे हक्क एनसीएए या शिखर संस्थेच्या मुठीतून सोडवले, तेव्हापासून कॉन्फरन्स म्हणजे निम्मी क्रीडासंस्था आणि निम्मं विक्री केंद्र. पॅक-१२ची मुळं १९१५ सालची, सगळा मुलूख पश्चिमेचा. नाव पॅक-१२ असलं तरी लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी आदल्या वर्षीच बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार म्हणून कळवलं होतं, आणि कोलोराडो आठ दिवसांपूर्वी बिग ट्वेल्व्ह या तिसऱ्या कॉन्फरन्सकडे गेलं होतं. राहिले नऊ. (बिग टेनमध्ये आता अठरा संघ आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा. नावातल्या आकड्यांकडे इथं कुणी लक्ष देत नाही.)

आता जरा जोड्यांबद्दल, कारण माझा जीव त्यांच्यात अडकला होता. १९७८ ते २०११ या कॉन्फरन्समध्ये दहा संघ होते आणि ते नकाशावर जोडीजोडीनं बसले होते. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट, ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट, बर्कलीचं कॅल आणि स्टॅनफर्ड, लॉस एंजेलिसचे दोन, अ‍ॅरिझोनाचे दोन. पाहुणा संघ एका विमानानं यायचा, गुरुवारी एकाशी खेळायचा, शनिवारी दुसऱ्याशी, आणि रविवारी घरी. एका तिकिटात दोन सामने.

यातली गंमत कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही. जोड्या पाच, म्हणजे विषम. दर आठवड्याला दोन-दोन जोड्या एकमेकींना भिडल्या की एक उरते. उरलेल्या जोडीनं काय करायचं? आपापसात खेळायचं. दहा फेऱ्यांत प्रत्येक जोडी बरोबर दोनदा उरते, म्हणजे शेजाऱ्याशी एक सामना घरी, एक त्याच्या दारात. आठ आठवड्यांचे सोळा आणि हे दोन, असे अठरा सामने. प्रत्येकाशी दोनदा, ना कमी ना जास्त. वेळापत्रकात जे भोक पडतं, तेच वैऱ्यांनी भरायचं! मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो. वैर म्हटलं की लोकांना झेंडे आणि घोषणा आठवतात. मला तो रिकामा आठवडा आठवतो. कोल्हापूरला शिकत असताना शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघायचो, तिथंही तेच होतं. पेठा एकमेकींना चिकटलेल्या, तोंड चुकवून जाणार कुठं?

माझ्या नऊ संघांतही चार जोड्या शाबूत होत्या आणि २०११ला जोडीनं आलेल्या दोघांतलं कोलोराडो गेल्यामुळे युटा एकटं पडलं होतं. चार जोड्या आणि एक एकांडा, पुन्हा पाचच. जुनं गणित परत बसलं म्हणून मी खुशीत होतो.

शेजारच्या टेबलावरची सहकारी मात्र सकाळपासून फोनला चिकटली होती. ती वॉशिंग्टन स्टेटची पदवीधर, त्या विद्यापीठाभोवतीच्या गव्हाच्या टेकड्यांत वाढलेली. त्या भागाचं नाव पलूस. आमच्या सांगली जिल्ह्यातही पलूस आहे, तिकडे द्राक्षं पिकतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हापासून ती मला गाववाला समजते. त्या सकाळी उरलेली नऊ विद्यापीठं एकत्र राहण्याच्या करारावर सह्या करणार अशी बातमी होती. समोर अ‍ॅपल कंपनीचा प्रस्ताव होता. सामने मुख्यतः स्ट्रीमिंगवर, आणि वर्गणीदार वाढतील तसे पैसे वाढणार. मी म्हटलं, "करतील सह्या. जाणार कुठं?" तिनं मान वर केली नाही.

दुपारी बातमी आली. ऑरेगन आणि वॉशिंग्टन २०२४पासून बिग टेनमध्ये निघाले, तेही सुरुवातीला बाकीच्यांपेक्षा कमी वाटा घेऊन. दिवस मावळेपर्यंत अ‍ॅरिझोनाचे दोन्ही संघ आणि युटा बिग ट्वेल्व्हचे झाले.

मी यांत्रिकपणे फाइल उघडली आणि एकेक नाव खोडत गेलो. पाच ओळी. उरले वॉशिंग्टन स्टेट, ऑरेगन स्टेट, कॅल आणि स्टॅनफर्ड. पुन्हा चालवलं. अकरा तास घेणाऱ्या यंत्रानं एंटरवरून बोट उचलायच्या आत उत्तर दिलं. चार संघांचं वेळापत्रक तर पाचवीतला पोरगा पाटीवर लावेल. असं फुकटचं उत्तर माझ्या पडद्यावर कधी आलं नव्हतं, आणि बघून पोटात गोळा आला.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. ऑगस्ट म्हणजे तिकडे गव्हाची सुगी. ते कंबाइनच्या केबिनमध्ये बसून रेडिओ ऐकत होते. तिनं फोन स्पीकरवर टाकला तर इंजिनाच्या घरघरीतून आवाज आला, "तो वेळापत्रकवाला आहे का तिथं?"

"आहे, बोला."

"मग सांग, नोव्हेंबरात आम्ही कुणाशी खेळायचं?"

अ‍ॅपल कप म्हणजे वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, अमेरिकन फुटबॉल. १९०० पासूनचं वैर, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात रंगणारं. १९९२ला आपल्याच गावी, पुलमनमध्ये, भर बर्फात वॉशिंग्टन स्टेटनं ४२-२३ असं हरवलं, तेव्हा ते तिला खांद्यावर घेऊन उभे होते; ही गोष्ट मी दोघांच्याही तोंडून ऐकली आहे, आणि दोन्हीत बर्फाची उंची वेगळी असते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बघतो," म्हटलं. आपल्याकडे गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

पुढचं भराभर घडलं. १ सप्टेंबरला कॅल आणि स्टॅनफर्डही गेले, तेही अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरची ही कॉलेजं, भूगोलाच्या मास्तरांनी काय करावं? दोघेच राहिले आणि भांडण तिजोरीवर आलं.

हे भांडण मला लगेच कळलं, कारण आमच्या सांगलीच्या सोसायटीत ते मी पाहिलं आहे. फ्लॅट विकून निघालेले सभासद सर्वसाधारण सभेला येतात आणि सिंकिंग फंडाचं काय करायचं यावर हात वर करतात. कॉन्फरन्स चालवायची विद्यापीठांच्या प्रमुखांच्या मंडळानं, प्रत्येकाला एक मत. घटनेत लिहिलेलं की १ ऑगस्ट २०२४च्या आधी बाहेर पडण्याची नोटीस देणाऱ्याचा प्रतिनिधी मंडळावर राहत नाही. यूएससी आणि यूसीएलए निघाले तेव्हा उरलेल्यांनी त्यांना याच नियमानं मंडळाबाहेर बसवलं होतं. आता ते उरलेलेच निघाले, तर म्हणे आमचं मत शाबूत! दहा जाणारे, दोन राहणारे. मतं मोजली असती तर तिजोरी जाणाऱ्यांच्याच हातात गेली असती.

खटला कोलफॅक्सला चालला. गव्हाच्या रानातलं हे छोटं गाव व्हिटमन काउंटीचं मुख्य ठाणं. १४ नोव्हेंबरला तिथल्या न्यायाधीशांनी कारभार राहिलेल्या दोघांच्या हाती दिला, आणि १५ डिसेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टानं त्यात हात घालायला नकार दिला. मग तडजोड झाली. निकालाच्या दिवशी तिनं ऑफिसात सगळ्यांना डोनट वाटले. मी एक खाल्ला, पण नोव्हेंबरचं भोक कोर्ट भरू शकत नाही हे मला दिसत होतं.

जे दोघं एकत्र पळाले त्यांचं वैर सुखरूप आहे. बिग टेननं अठरा संघांच्या फुटबॉलमध्ये बारा जोड्या दरवर्षी खेळतीलच म्हणून राखून ठेवल्या, त्यात ऑरेगन-वॉशिंग्टन आहे, यूएससी-यूसीएलए आहे. मागं राहिलेल्या शेजाऱ्याशी खेळायचं तर वेगळा करार लागतो, आणि कॉन्फरन्सबाहेरचे सामने बहुतेक करून मोसमाच्या सुरुवातीला उरकायचे असतात. अ‍ॅपल कपचा करार २०२८पर्यंत झाला. २०२४चा सामना १४ सप्टेंबरला लागला, सिअ‍ॅटलच्या लुमेन फील्डवर. ऑरेगनची दोन्ही विद्यापीठंही त्याच दिवशी भिडली. माझ्या भाषेत सांगायचं तर काल जी पक्की अट होती ती आज पसंती झाली. पक्की अट मोडली तर सॉल्व्हर थांबतो. पसंती मोडली तर तो थोडा दंड मोजतो आणि पुढं जातो.

तारीख मी तिच्या वडिलांना फोन करून सांगितली. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "सप्टेंबरात पेरणी असते."

माझ्या टाळक्यात हे आलंच नव्हतं. परीक्षा, विमानं, टीव्ही या सगळ्यांच्या अटी मी वर्षानुवर्षं घातल्या; पलूसच्या हिवाळी गव्हाची कधीच नाही. कापणी झालेली आणि पेरलेलं उगवलेलं, म्हणून तर नोव्हेंबरात ती माणसं साडेचारशे किलोमीटर गाडी हाकून सिअ‍ॅटलला जायची.

त्या शनिवारी दुपारी तिनं मला एक फोटो पाठवला. ट्रॅक्टरची काच, तिला रबरानं बांधलेला फोन, फोनवर सामना, आणि काचेपलीकडे काळी उघडी माती. शेवटी शेवटी वॉशिंग्टन गोलरेषेपासून एका यार्डावर होतं आणि वॉशिंग्टन स्टेटनं त्यांना तिथंच अडवलं. २४-१९. नंतर कळलं, वडिलांनी तेवढ्यासाठी ट्रॅक्टर बंद केला होता. मी अभिनंदनाला फोन केला तर म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम मागं पडलं," आणि ठेवून दिला.