एका ‘पासून’ने खाल्लेले तीन शनिवार

तीन शनिवार गेले एका वाक्यापायी. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. माल परदेशात जातो, मेल इंग्रजीत जातात. इतकी वर्षं जुना मेल काढायचा, तारीख आणि नग बदलायचे, पाठवून द्यायचा, असं चाललं होतं. एकदा एका ग्राहकाने शेडच्या फरकावरून तीन प्रश्न विचारले आणि जुन्या मेलमध्ये त्यांची उत्तरं सापडेनात. त्याच आठवड्यात नवी पेठेतल्या संध्याकाळच्या इंग्रजी क्लासला नाव घातलं.

पहिल्या दोन महिन्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाळलेल्या जागा भरा, काळ ओळखा, असलं सगळं. मला 50 पैकी 44च्या खाली कधी पडले नाहीत. गाळलेल्या जागेपुढे 1998 असं सुरुवातीचं साल दिसलं की सिन्स, टू इयर्स अशी मुदत दिसली की फॉर. बाकीचं वाक्य वाचायचीसुद्धा गरज नाही. कुठला तरी जॉन लंडनमध्ये कधीपासून राहतो, याच्याशी मला काय देणंघेणं?

पुढच्या बॅचला जायचं तर स्वतःच्या कामावर दहा ओळी लिहून सरांकडून पास करून घ्यायच्या होत्या. शनिवारी वही तपासायची, जिन्यात रांग, माणशी दोन मिनिटं. सर चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल करायचे आणि वही परत द्यायचे. काय चुकलं हे आपणच शोधायचं म्हणे, म्हणजे लक्षात राहतं. असेल. पण चार जिने चढून, पाऊण तास उभं राहून हातात एक लाल गोल पडला की माणसाला काय वाटतं, ते त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

माझी पहिलीच ओळ होती, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स’. गोल सिन्सला. कपाळावर हात मारला, नियम तर पाठ होता! सिन्सच्या जागी फॉर घातला आणि दुसऱ्या शनिवारी ऐटीत गेले. आता गोल ‘ॲम वर्किंग’ला. घरी येऊन विचार केला, सहा वर्षं तर होऊन गेली, म्हणजे भूतकाळ असणार. तिसऱ्या शनिवारी लिहून नेलं, ‘आय वर्क्ड हिअर फॉर सिक्स इयर्स’. सरांनी चष्म्यावरून बघितलं.

‘‘नोकरी सोडली का?’’

‘‘नाही सर.’’

‘‘मग असं का लिहिलंत?’’ पुन्हा लाल गोल. पुढचा!

खाली जिन्यात वही मिटून बसले होते. पूर्व भागातला एक मुलगा आमच्या बॅचला आहे, घरी तेलुगू बोलतात. तो म्हणाला, ‘‘ताई, मी पण तिथंच अडकलोय. आमच्यात दोन्हीला नुंचीच म्हणतात ओ. मंगळवार नुंची, दोन वर्षं नुंची.’’ अक्कलकोटहून येणारी मुलगी म्हणाली, कन्नडमध्येपण दोन्हीकडे इंदच. तेव्हा कुठे उजेड पडला. मराठीत मंगळवारपासून आणि सहा वर्षांपासून, दोन्हीला एकच पासून. शिवाय ‘मी सहा वर्षांपासून काम करतेय’ यातलं करतेय चक्क वर्तमानकाळी. इंग्रजीत मात्र सुरुवात मागे झालेली असून काम अजून चालू असेल, तर हॅव बीन वर्किंग लागतं. म्हणजे बदलायच्या होत्या दोन गोष्टी, आणि मी दर शनिवारी एकच बदलून नेत होते. ‘क्रियापदपण बघा’ एवढं कोणी म्हणालं असतं, तर माझे दोन शनिवार वाचले असते.

कळलं तरी हाताला वळण लागायला वेगळंच निमित्त झालं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला टिंब देते, म्हणजे पिंप कधी धुवायचं ते कळतं. त्या आठवड्यात टिंबाखाली रोज रात्री दोन वाक्यं लिहायला लागले. बुधवारी, ‘वुई हॅवंट हॅड वॉटर सिन्स ट्यूजडे’ आणि ‘फॉर वन डे’. गुरुवारी पुन्हा सिन्स ट्यूजडे, पण फॉर टू डेज. शुक्रवारी सिन्स ट्यूजडे, फॉर थ्री डेज. मंगळवार जागचा हलत नाही, दिवस मात्र रोज एकाने वाढतात. पाठ केलेल्या नियमापेक्षा हे जास्त पक्कं बसलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘महापालिकेला तक्रार लिहितेस का गं?’’ म्हटलं, हो, इंग्रजीत.

कोणाला करायचं असेल तर आपल्या घरातलं असंच रोज बदलणारं काहीतरी धरा. गॅसची टाकी, दुधाचा हिशोब, मुलाचा खोकला, काहीही. जॉनला सोडून द्या.

शब्दांचं सांगायचं राहिलं. क्लासने रोज वीस शब्दांची यादी दिली होती. पहिल्या आठवड्यातल्या एकशेवीसपैकी महिन्याने मला नऊ आठवत होते, मोजले मी. मग यादी सोडली आणि ग्राहकांचेच मेल घेऊन बसले. शब्द एकटा उचलायचा नाही, शेजाऱ्यासकट उचलायचा. डिपेंड लिहिलं की पुढे ऑन, मॅरीड लिहिलं की पुढे टू. आपण कोणाशी तरी लग्न करतो म्हणून हात विथकडे जातो, तिथे जपा. डिस्कसच्या पुढे अबाउट लागतच नाही. आणि माल एकवचनी असला तरी गुड्स अनेकवचनी, म्हणून गुड्स आर रेडी. मी इतकी वर्षं इज लिहीत होते आणि ग्राहक बिचारे समजून घेत होते.

अजून एक. वही तपासायला नेण्याआधी दहाच्या दहा ओळी मोठ्याने वाचा, जिन्यात का होईना. निम्म्या चुका कानाला सापडतात.

चौथ्या शनिवारी पहिली ओळ ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स’ अशी होती. एकही गोल नाही, खाली टिकमार्क. शाबासकी वगैरे काही नाही. खरं तर मी उठायला हवं होतं, मागे पंधरा जण होते. पण आदल्या रात्री कॅलेंडरवर एक वाक्य आपोआप लिहिलं गेलं होतं आणि ते डोक्यातून जाईना. ‘इट हॅज बीन थ्री डेज सिन्स द वॉटर केम’. पाणी येऊन तीन दिवस झाले. म्हटलं, ‘‘सर, इथे तीन दिवस आहेत, तरी सिन्स कसं बरोबर वाटतंय?’’

सरांनी पेन खाली ठेवलं. वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाले, बरोबरच आहे. इथे सिन्स तीन दिवसांना लागलेलं नाही, पाणी येण्याला लागलंय. पाणी आलं तो एक क्षण, तुमच्या मंगळवारासारखा. तीन दिवस तिथून पुढे मोजलेत. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर रेघ ओढली, डावीकडे टिंब दिलं, त्याच्याखाली सिन्स लिहिलं आणि टिंबापासून पुढे कंस काढून त्यावर फॉर. तीन महिन्यांत पहिल्यांदा हा माणूस माझ्याशी सलग पाच मिनिटं बोलला. बाहेरून जिन्यातून कोणीतरी ओरडलं, ‘‘ताई, आम्ही पण थांबलोय की ओ!’’

तो कागद मी मागून घेतला. कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला अडकवलाय.