आमची वाटचाल : साडेतीन सुती स्टड

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी भाड्याच्या गाळ्यात एक जुनं लेथ मशीन टाकलं, तेव्हा इथलं काम म्हणजे ऑइल इंजिनचं काम. विहिरीवरचं इंजिन, गुऱ्हाळावरचं इंजिन. वडील टर्नर, त्यामुळे सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणत. बुश, पिन, गाईड, स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेली, डोकं नसलेली बोल्टासारखी दांडी) असे सुटे जॉब यायचे आणि काम झालं की पैसे हातात पडायचे. शेतात विजेचे पंप आले तशी ऑइल इंजिनं मागे पडली. त्याच सुमारास आमच्या दारात जीप उभ्या राहू लागल्या. आजचं आमचं वर्कशॉप त्या जीपच्याच जिवावर चालतं.

जीप आपल्याकडे दोन वाटांनी आली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या विलीज आणि फोर्डच्या गाड्या ही पहिली वाट. १९४७ पासून महिंद्रने मुंबईत जोडायला घेतलेल्या आणि पुढे इथेच बनवलेल्या गाड्या ही दुसरी. आमच्या भागात या गाड्यांनी शेतमाल ओढला, घाटरस्ते तुडवले, वडापच्या (खाजगी प्रवासी वाहतुकीच्या) धंद्यात कित्येक घरं चालवली. पेट्रोल महागलं तेव्हा मालकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेल बसवलं. उतरवलेलं इंजिन कुणाच्या गोठ्याच्या कोपऱ्यात पडलं, कुणाचं भंगारात गेलं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण गाडी पोटासाठी होती.

आता हीच इंजिनं लोक शोधत येतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला त्यात चालत नाही. त्यामुळे आजोबांची जीप पुन्हा उभी करणाऱ्याला मूळ ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, हवा असतो. आणि असा ब्लॉक आमच्याकडे येतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा एक तरी स्टड तुटलेला असतो, नाहीतर त्याचे आटे गेलेले असतात.

युद्धकाळातल्या जीपचं इंजिन ‘गो डेव्हिल’. चार सिलिंडर, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, हेड म्हणजे नुसतं वरचं झाकण. ते झाकण दाबून धरणारे स्टड ब्लॉकमध्ये रोवलेले असतात. जाडी ७/१६ इंच, आमच्या भाषेत साडेतीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). खालच्या टोकाला इंचाला १४ आटे आणि वर नटाच्या बाजूला २०. याला कारण आहे. ब्लॉक बिडाचा, बीड ठिसूळ, म्हणून त्यात जाड आटे धरतात. वर स्टीलवर स्टील बसतं, तिथे बारीक आट्यांमुळे ताण नेमका देता येतो. ज्याने हे आखलं त्याने विचार करून आखलं होतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्या विचाराचा मान राखला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

यातले बरेच स्टड थेट वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं त्या ब्लॉकमधल्या पोकळीत, उतरतात. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं साधं विहिरीचं पाणी घातलेलं असतं. वरून नट धडधाकट दिसतो आणि पाण्यातला स्टड मधोमध गंजून बारीक झालेला असतो. हेड उतरवताना पान्याला जोर दिला की तो तिथेच तुटतो. खरं तर तुटण्याआधीच त्याने ताण सोडलेला असतो. मग हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट उडतं, गाडी पाणी खाते, ऑइल पांढरं होतं, आणि मालक गॅस्केटवर गॅस्केट बदलत राहतो.

तुटलेला स्टड काढण्यात घाई नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. टोक ब्लॉकच्या वर असेल तर आधी गंज सोडवणारं ऑइल सोडून रात्रभर ठेवायचं. मग त्या टोकावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग भरायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते. थोडं निवलं की मेणबत्तीचं मेण लावायचं, ते वितळून आट्यांत उतरतं. त्यानंतर पाना एका दिशेने ओढायचा नाही. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे. हाताला स्टड सुटतोय की पिळवटतोय हे कळतं, आणि पिळवटतोय असं वाटलं की थांबून परत गरम करायचं.

टोक खाली, ब्लॉकच्या आत तुटलं असेल तर खरी कसोटी. हाताच्या ड्रिलने भोक पाडायला जाल तर बिट कडक स्टीलवरून घसरून बाजूच्या मऊ बिडात शिरतो आणि भोक तिरकं होतं. आम्ही जुनं हेड ब्लॉकवर बसवतो, उरलेल्या स्टडवर आवळतो आणि तुटलेल्या जागेच्या भोकात लेथवर बनवलेला बुश घालतो. बुशाच्या मधल्या भोकातून ड्रिल बरोबर मध्यावर आणि सरळ उतरतो. आधी बारीक, मग एकेक माप वर. शेवटी स्टडचं पातळ कवच उरतं, ते आत दुमडून उचलायचं आणि मूळ आट्यांतून टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवायचा. कुणी आधीच एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला स्टड फिरवून काढायचं कडक हत्यार) घालून तो आत मोडला असेल तर ड्रिल चालतच नाही. मग ब्लॉक स्पार्क इरोजनच्या मशीनवर न्यावा लागतो. ठिणगीने ते कडक पोलाद कण कण करून खातं, ब्लॉकला धक्का लागत नाही.

मूळ आटे वाचले नाहीत तर काय करायचं, यावर आमचं मत पक्कं आहे. बरेच जण सरळ १२ मिलिमीटरचा टॅप मारतात, कारण तो सगळीकडे मिळतो. एका ठिकाणी असं केलेला ब्लॉक आमच्याकडे आला होता. १२ मिलिमीटरचा स्टड हेडमधून जाईना म्हणून त्यांनी हेडचं भोकही मोठं केलेलं. म्हणजे एका भोकाचं दुखणं दोन भागांना लावलं. हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) चांगली चीज आहे, बंद, म्हणजे पाण्यात न उघडणाऱ्या, भोकात आम्हीही वापरतो. पण साडेतीन सुतीच्या हेलिकॉइलचा टॅप बाहेरून साडेतेरा मिलिमीटरच्या आसपास बीड खातो, आणि वॉटर जॅकेटमध्ये उघडणाऱ्या भोकात कॉइलच्या वेढ्यांमागून पाणी वर झिरपायला वाट मिळते.

अशा भोकासाठी आम्ही स्टेप स्टड बनवतो. खालचा भाग चार सुती, इंचाला १३ आटे, म्हणजे १२.७ मिलिमीटर. वरचा भाग मूळ मापाचा, साडेतीन सुती, २० आटे. जाड भाग ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या खालीच संपला पाहिजे, म्हणजे हेडला हात लावावा लागत नाही आणि नटही मूळचाच बसतो. जिथे जाडी बदलते तिथे कोपरा कधीही काटकोनात सोडायचा नाही, गोलाई द्यायची, नाहीतर स्टड तिथूनच तुटेल. भोकाच्या तोंडाला हलका काउंटरसिंक मारायचा, म्हणजे कड थोडी उतरती कापायची, कारण ताण आल्यावर पहिला आटा वर उचलला जातो आणि गॅस्केटखाली उंचवटा तयार होतो. स्टील ईएन १९, म्हणजे मजबूत मिश्रपोलाद. बाजारात मिळणारा साधा सळईचा तुकडा यासाठी आम्ही कधीच वापरत नाही.

बसवताना स्टड हातानेच तळापर्यंत फिरवायचा, दाबून आवळायचा नाही. पाण्याच्या भोकात आट्यांना सीलंट हवंच. बंद भोक आधी हवेने पूर्ण कोरडं करायचं. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर स्टड आत जाताना त्याचा दाब ब्लॉकला तडा देऊ शकतो. मग नट मधून सुरू करून बाहेर, टप्प्याटप्प्याने, ६० ते ६५ फूट-पाउंड. इंजिन गरम होऊन निवल्यावर पुन्हा एकदा तपासायचं.

महिंद्रच्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी मध्ये ‘हरिकेन’ इंजिन असतं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. त्याचा हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली लपलेला असतो. तो राहिला आणि कुणी पहार लावून हेड उचकटलं की कास्टिंग जातं. गाडी उघडायच्या आधी आम्हाला फोन करा, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो ते यासाठीच.

आज पुणे, बेळगाव, गोव्याहून ब्लॉक येतात. वडिलांच्या लेथवर आता आयटीआयची फिटर झालेली मुलगी स्टड बनवते, आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. नेहमीच्या मापाचे स्टड आम्ही आटे रोल करून, म्हणजे कापून नव्हे तर दाबून पाडून, घेतो. रोल केलेल्या आट्यात स्टीलचा तंतू कापला जात नाही, म्हणून तो कापलेल्यापेक्षा जास्त दमाचा असतो. स्टेप स्टड मात्र प्रत्येक ब्लॉकचं भोक मोजूनच बनतो, तयार ठेवत नाही. फोर्डच्या गाडीचे मूळ बोल्ट निघाले, डोक्यावर ‘एफ’ कोरलेले, तर ते साफ करून मालकाला वेगळ्या पिशवीत परत देतो.

ब्लॉक पाठवणार असाल तर तुटलेला स्टड आहे तसाच राहू द्या, त्यात काही ठोकू नका. सोबत जुनं हेड पाठवा, तडा गेलेलं असलं तरी चालेल, ड्रिलच्या बुशासाठी ते लागतं. आणि निघालेले सगळे स्टड, कुठला कुठल्या भोकातला ते लिहून, त्याच खोक्यात ठेवा.