मोजणीचंच ओझं

कारखान्यातल्या वायरलेस सेन्सरांचं जाळं सांभाळणाऱ्याचा निम्मा वेळ घड्याळांच्या काळजीत जातो, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आमचं जाळं आयईईई 802.15.4 या कमी विजेच्या रेडिओ मानकावरचं, टीएससीएच म्हणजे नेमून दिलेल्या वेळी, वाहिन्या बदलत बोलण्याच्या पद्धतीचं. प्रत्येक नोड, म्हणजे रेडिओ असलेला सेन्सर, 10 मिलिसेकंदांच्या ठरलेल्या स्लॉटमध्येच बोलतो किंवा ऐकतो, एरवी त्याचा रेडिओ झोपलेला. 101 स्लॉटांची एक फेरी. शेजाऱ्यांची घड्याळं जुळलेली नसतील तर एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकूच येत नाही.

तक्रार विलंबाची होती: लांबच्या नोडांची रीडिंग उशिरा येतात. तपासायला गेटवेकडून, म्हणजे सगळी रीडिंग जमा करणाऱ्या केंद्राकडून, प्रत्येक नोडला मिनिटाला एक प्रोब, म्हणजे चाचणीचं पॅकेट, जाऊ लागला. तो जाऊन उत्तर येईपर्यंतचा वेळ मोजायचा, निम्मा करायचा आणि पडद्यावर दाखवायचा. नीट कळेना, म्हणून प्रोब दर 10 सेकंदांनी सुरू केले. मग पडदा लाल झाला, गेटवेजवळच्या नोडांच्या बॅटऱ्या भराभर उतरू लागल्या. हार्डवेअर सदोष ठरवून ते नोड बदलले. नवेही तसेच वागले, तेव्हा प्रकरण माझ्याकडे आलं.

मी आधी पडदा बंद केला आणि कागद घेतला. गेटवेलगतच्या एका नोडमागे 20 नोड होते, त्यांची पॅकेटं त्याच्यामार्फतच जायची. स्वतःसह 21 जणांची रीडिंग दर 15 सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 1.4 पॅकेट. त्यांच्या प्रोबांची उत्तरं दर 10 सेकंदांनी, म्हणजे आणखी 2.1. एकूण साडेतीन. आणि गेटवेकडे पाठवायला त्या नोडला फेरीत स्लॉट किती? तीन. फेरी जवळपास एका सेकंदाची. हवेत एकही पॅकेट हरवलं नाही तरी रांग तुंबणारच होती. हरवलेली पुन्हा पाठवायची ती वेगळीच. हा हिशोब पाच मिनिटांचा आहे. नोड बदलण्याआधी तो कुणीही केला नाही याचा मला आजही राग येतो.

"सर, प्रोब तासभर बंद ठेवू या," मी साहेबांना म्हटलं.

"मग आपल्याला दिसणार काय? आंधळेपणानं चालवायचं का जाळं?"

त्यांची भीती खोटी नव्हती. बंद करून सुधारणा झाली हे दाखवायलाही मोजमाप लागतंच. पण ज्या जाळ्यात सगळ्यांची घड्याळं जुळलेली आहेत, तिथे विलंब मोजायला जाऊन-येऊन फेरा मारायची गरजच काय? जाळं सुरू झाल्यापासूनचा स्लॉट क्रमांक, एएसएन, प्रत्येक नोडला ठाऊक असतो. रीडिंग तयार झालं त्या क्षणीचा क्रमांक त्याच पॅकेटमध्ये घालायचा; गेटवेनं आपल्या क्रमांकातून तो वजा करायचा. वेगळं पॅकेट नाही, उत्तर नाही. एएसएन पाच बाइटांचा असतो. पण शेवटचे दोन पुरतात, कारण 65,536 स्लॉट म्हणजे जवळजवळ 11 मिनिटं, आणि त्याहून जुनं रीडिंग आम्ही तसंही टाकून देतो. पॅकेटमागे दोन बाइट! सेकंदाला 250 किलोबिटच्या वेगानं ते हवेत 64 मायक्रोसेकंद घेतात.

टोकाच्या काही नोडांवर हे बसवलं, प्रोब चालू ठेवूनच. तेव्हा खरी गंमत दिसली. पडद्यावर दोन्ही दिशांना पावणेपाच सेकंद येत होते. प्रत्यक्षात रीडिंग यायला आठ सेकंद लागत होते आणि खाली जायला जेमतेम दीड. निम्मं करण्याच्या सवयीनं तुंबलेली दिशाच झाकून टाकली होती. प्रोब बंद केल्यावर तेच आठ सेकंद दोनच्या आत आले.

मग घड्याळांच्या निरोपांकडे वळलो. वेळ जुळवायला प्रत्येक नोड दर 10 सेकंदांनी वेगळा कीप-अलाइव्ह, म्हणजे ‘मी आहे’ एवढाच निरोप, पाठवत होता. वास्तविक प्रत्येक डेटा पॅकेटच्या पोचपावतीतच वरचा नोड सांगतो की तू इतके मायक्रोसेकंद लवकर आलास किंवा उशिरा. ही दुरुस्ती पोचपावतीतल्या दोन बाइटांच्या रकान्यात मावते. आमच्या घड्याळांच्या क्रिस्टलांची चूक 20 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत 20, दोन नोडांत मिळून जास्तीत जास्त 40. पंधरा सेकंदांत घड्याळं 600 मायक्रोसेकंद सरकतील. ऐकणारा ठरल्या क्षणाच्या 1100 मायक्रोसेकंद आधीपासून 1100 नंतरपर्यंत कान उघडे ठेवतो. म्हणजे रीडिंग जात असताना कीप-अलाइव्ह निव्वळ खर्च होता. आता 20 सेकंद पोचपावती मिळाली नाही तरच तो जातो.

जाळं सुरळीत आहे. पण मूळ तक्रार प्रोब सुरू होण्याआधीची होती, तिचं कारण मला सापडलेलं नाही. त्या काळातलं एकही मोजमाप नाही, नंतरचं सगळं प्रोबांच्या गर्दीत गढूळ झालं, आणि ज्या नोडांच्या आतल्या नोंदी वाचता आल्या असत्या ते सदोष म्हणून कधीच परत गेले. ते धडधाकट होते हे पुरवठादाराला कळवावं, असं मी लिहून दिलं आहे. विलंबाच्या प्रत्येक आकड्याशेजारी तो मिळवायला किती पॅकेटं खर्च झाली हेही छापावं, अशी मागणी त्याच पत्रात आहे. पहिलीवर उत्तर आलेलं नाही. दुसरीवर आलं: पडद्यावर जागा नाही.