मतलई पाठीवर घेऊन: दापोली ते वेळास

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दापोलीहून आंजर्ले, केळशी करत वेळासपर्यंत गेलो. निमित्त कुरव (सीगल) आणि खाडीच्या चिखलात चरणाऱ्या पाणपक्ष्यांचं होतं. सोबत मावसभाऊ होता, मिनेसोटाहून सुट्टीवर आलेला. त्याच्या बॅगेत एक वेगळंच जाकीट होतं, शिकाऱ्यांसाठी शिवलेलं. त्याच्या ऑफिसातली मंडळी हरणांच्या शिकारीला जातात आणि तिकडे धनुष्यबाणाची शिकार डिसेंबरअखेरपर्यंत चालते, म्हणजे ऐन बर्फात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण शून्याखालच्या थंडीत झाडावरच्या मचाणावर तासन् तास न हलता बसायचं तर सगळ्यात वरचा कपडा कसा हवा, याचा त्या लोकांनी जितका विचार केला आहे तितका आपण पक्षी बघणाऱ्यांनी केलेला नाही. म्हणून या प्रवासभर माझं निम्मं लक्ष पक्ष्यांवर आणि निम्मं जाकिटांवर होतं.

कोकणात कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्यांनी एकदा दापोलीत जानेवारीतली पहाट काढावी. गाव समुद्रापासून फार लांब नाही, तरी डोंगरावर वसलेलं. पारा कधीकधी १० अंशांच्या आसपास उतरतो. आंब्याला मोहोर येण्यासाठी ही थंडी लागतेच, त्यामुळे बागायतदार खुशीत असतात. आम्ही अंधारातच मोटारसायकल काढली. आसूदच्या उतारावर पोफळीच्या बागांमधून जाताना जो गारठा लागतो तो घाटमाथ्यावरच्या कोरड्या थंडीसारखा नसतो. ओला असतो, बाहीतून वर चढतो. रस्त्याकडेचं गवत दवाने पांढरं झालेलं होतं.

गाडीवर वारा अडवणं एवढंच काम असतं. त्यासाठी पावसाळ्यातला रेनकोट वरून चढवला तरी भागतं, आणि बरेच जण तेच करतात. पण रेनकोट खाडीवर चालत नाही. एक तर आतल्या घामाला बाहेर पडायला वाट नसते आणि दुसरं म्हणजे तो वाजतो. कोपर हलवलं की सळसळ. ओहोटीच्या शांततेत ती सळसळ लांबवर जाते. कर्ल्यूसारखा बुजरा पक्षी त्याच्यापुढे थांबत नाही, आणि तो ओरडत उठला की आसपासचे सगळे त्याच्यामागे उठतात.

आंजर्ल्याच्या खाडीपाशी गाडी लावून आम्ही चिखलाच्या कडेने तोंडाकडे चालत निघालो. भावाने जाकीट अंगात न घालता सॅकवर बांधून घेतलं. मी विचारलं, "अरे, घाल की. काकडशील."

"चालताना नाही घालायचं, दादा. घाम आला की संपलं. तिकडे पहिला धडा हाच देतात. बसायच्या जागी पोचायचं, श्वास खाली येऊ द्यायचा, मग घालायचं."

धडा शंभर टक्के खरा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते, भराभर चालताना तीच ३०० वॅटच्या पुढे जाते. चालताना ऊबदार जाकीट घातलं की बनियन भिजतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. मग खाली बसल्यावर तेच भिजलेलं बनियन अंगाला गारठवत राहतं. यातून निवडीचा एक नियम निघतो: वरचं जाकीट एक माप मोठं घ्यायचं. खाली शर्ट, स्वेटर, गळ्यातली दुर्बीण, सगळं तसंच ठेवून ते वरून चढवता आलं पाहिजे. दुकानात टी-शर्टवर घालून बघितलेलं जाकीट खाडीवर हमखास काखेत आवळतं.

बसलो. पुढे समुद्र, मागे डोंगर. उजाडायला लागलं तसे वाळूच्या जिभेवर कुरव दिसू लागले, तपकिरी डोक्याचे. हिवाळ्यात त्यांचं डोकं तपकिरी नसतंच. पांढरं असतं आणि कानामागे एक काळपट ठिपका. हे पक्षी तिबेटकडच्या आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांवर वीण करतात आणि थंडीपुरते आपल्या किनाऱ्याला येतात. एक जण आमच्यापासून चारपाच काठ्यांच्या अंतरावर पिसं फुलवून एका पायावर उभा होता, दुसरा पाय पोटाच्या पिसांत. थंडीतली सगळी युक्ती त्या एका पक्ष्यात होती. पिसं फुलवली की त्यात हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरते. आपली डाऊन जाकिटं, म्हणजे आत पक्ष्यांची मऊ पिसं भरलेली, याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच की कुरवाच्या वरच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं, आपल्या जाकिटातली पिसं मात्र ओली झाली की गोळा होऊन बसतात आणि मग त्यात हवा राहत नाही. हिमालयात, कोरड्या थंडीत डाऊनला तोड नाही. कोकणातल्या पहाटे मात्र निरभ्र आभाळाखाली प्रत्येक गोष्ट निवत जाते आणि तिच्यावर दव धरतं, तुमच्या खांद्यांवरसुद्धा. भावाच्या बाहीवर हात फिरवला तर तळवा ओला झाला. त्याच्या जाकिटात कृत्रिम तंतूंचं भरण होतं, त्यामुळे बिघडलं काही नाही.

थोड्या वेळाने पाग (मासे धरायचं फेकजाळं) टाकणारे एक मामा गुडघाभर पाण्यातून आमच्याकडे आले. डोक्याला मफलर, अंगात जुना लोकरी स्वेटर, आणि काठावर घोंगडी ठेवलेली. आमच्याकडे बघून म्हणाले, "पाठ सांभाळा. पहाटचा वारा डोंगरावरनं येतो." एवढं बोलून घोंगडीची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडली आणि विडी पेटवायला बसले.

त्यांच्या या एका वाक्याने माझा सगळा हिशेब बदलला. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हीच मतलई. खाडीच्या दरीतून ती पन्हळीतून यावी तशी येते. आणि आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळी पक्ष्यांवर चांगला उजेड हवा असेल तर सूर्य पाठीशी घेऊन समुद्राकडे तोंड करून बसावं लागतं. म्हणजे उजेडही पाठीमागून आणि वाराही पाठीमागून. पक्षी बघणाऱ्याची पाठ, मान आणि कंबर हेच तिथलं उघडं अंग. आपण मात्र जाकीट घेताना पुढची झिप, पुढचे खिसे, छातीवरची शिलाई बघत बसतो.

शिकाऱ्याचं नेमकं उलटं असतं. हरणाला माणसाचा वास दुरून लागतो, म्हणून शिकारी वारा तोंडावर घेऊन बसतो. भावाच्या जाकिटात छातीवर वारा अडवणारा जादा थर होता, हनुवटीपर्यंत येणारं झाकण होतं, हात घालून बसायला पोटावर आडवा खिसा होता. पाठ साधी. ते पानगळ झालेल्या रानात वारा तोंडावर घेणाऱ्यासाठी शिवलेलं होतं. आपले खाडीवरचे पक्षी वासावर विसंबत नाहीत, ते बघतात आणि ऐकतात. तेव्हा मी आता जाकीट उलटं करून बघतो. मागची बाजू बसल्यावर कंबर झाकेल इतकी लांब हवी. खांद्यांवर शिवण कमीत कमी हवी. हूड मानेला घट्ट बसणारं हवं, पण डोकं वळवलं की सोबत वळलं पाहिजे, नाहीतर डोळ्यांवर येतं आणि समोरून गेलेली सुरय (टर्न पक्षी) निसटते.

रंगाचंही असंच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत बंदुकीच्या शिकारीच्या काळात भडक केशरी घालणं सक्तीचं असतं, माणसाने माणसाला चुकून गोळी घालू नये म्हणून. हरणाला केशरी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे शिकाऱ्याचं काही अडत नाही. पक्ष्यांपुढे ही सवलत नाही. माणसाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यात चार. खाडीवर मातकट, ओल्या वाळूच्या रंगाचं जाकीट घ्यावं. पानापानांची छपाई असलेलं महागडं कापड तिथे निरुपयोगी आहे, कारण उघड्या चिखलावर पानं नसतातच.

आवाजाच्या बाबतीत मात्र भावाच्या जाकिटाला मी पैकीच्या पैकी मार्क देईन. वरचं कापड लव असलेलं, घासलं तरी गप्प. मनगटावर व्हेल्क्रोऐवजी विणलेले कफ. व्हेल्क्रो उघडताना जो चर्रर्र आवाज होतो त्याने उडालेले थवे मी पाहिले आहेत. नुसतं फ्लीसही, म्हणजे लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड, गप्प असतं, पण वारा त्यातून आरपार जातो. म्हणून वारा अडवणारं सॉफ्टशेल (मऊ, लवचिक कापडाचं जाकीट) बाहेरून आणि फ्लीस आतून, ही जोडी मला कोकणासाठी सगळ्यात पटते. आणि लोकर. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल पिऊनही ओली लागत नाही. मामांची घोंगडी वाजत नव्हती, मातकट होती, पाठ झाकत होती आणि दवाने तिचं काही बिघडत नव्हतं. वजन तेवढं जास्त.

साडेआठच्या पुढे ऊन चढलं, मतलई पडली आणि जाकिटं उतरली. केळशीत खास काही दिसलं नाही, आणि वाळूत पर्यटकांच्या गाड्या फिरताना बघून मन खट्टू झालं.

वेळासला गावातच एका घरी राहिलो. इथे २००२ पासून समुद्री कासवांची घरटी राखली जातात. ऑलिव्ह रिडलेची मादी अंडी घालून समुद्रात परत जाते आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, म्हणजे पिल्लांचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारीपासून पुढे. आम्ही गेलो तेव्हा घरट्यांना जाळी लावून झाली होती. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मात्र दिसला, पायात लांबट मासा धरून डोंगराकडे जाताना. दुपारी वेसवीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बागमांडल्याला उतरलो. तेव्हा वारा समुद्रावरून येत होता, खारा, तोंडावर. भावाचं जाकीट त्या वाऱ्यासाठी अगदी जसं हवं तसं होतं, पण उन्हात घालवेना.

घरी आल्यावर एक काम टाळू नका. खारं दव आणि खारा वारा जाकिटात मीठ ठेवून जातात. ते हवेतली ओल ओढत राहतं, कापड कायम दमट लागतं आणि झिपच्या दातांना गंज चढतो. गोड्या पाण्यात नुसतं खंगाळून सावलीत वाळवायचं, आणि झिपवर थोडं मेण घासायचं.